सार्वभौम सत्ता कोणाची? मौलाना मौदुदींचा वारसा

इस्लामी राज्याच्या कल्पनेला विसाव्या शतकात सुसूत्र राजकीय सिद्धांताचे रूप देणारे मौलाना अबुल आला मौदुदी हे मराठवाड्याच्या भूमीत जन्मले, ही गोष्ट मराठी वाचकांच्या सहसा ध्यानी नसते. २५ सप्टेंबर १९०३ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या आजारपणामुळे शिक्षण अर्धवट राहिले आणि कोवळ्या वयातच त्यांनी पत्रकारिता पत्करली.

१९२४ साली तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली. खिलाफत चळवळीत वावरलेल्या या तरुण संपादकाच्या मनात राष्ट्रवादाविषयी कायमची अढी बसली. सार्वभौमत्व ईश्वराचे, मनुष्य केवळ त्याचा विश्वस्त, हा सिद्धांत त्यांनी पुढे मांडला. त्याला धर्मग्रंथांचा आधार त्यांनी दिला खरा. परंतु सार्वभौमत्वाची परिभाषा आधुनिक युरोपची होती आणि १९४१ साली लाहोरला स्थापन केलेल्या जमाते इस्लामीची शिस्तबद्ध बांधणीही आधुनिक पक्षाचीच होती. मध्ययुगीन सुलतानांच्या दरबारी उलेमांना असा पक्ष ठाऊक नव्हता.

मुस्लिम लीगचा राष्ट्रवाद त्यांना अमान्य होता. तरीही फाळणीनंतर ते लाहोरला गेले. १९४९ साली पाकिस्तानच्या संविधान सभेने ईश्वराचे सार्वभौमत्व ठरावाद्वारे मान्य केले. १९५३ च्या अहमदियाविरोधी दंगलींनंतर लष्करी न्यायालयाने मौदुदींना फाशीची शिक्षा सुनावली. पुढे ती सौम्य करण्यात येऊन १९५५ साली त्यांची सुटका झाली.

१९७० च्या निवडणुकीत राष्ट्रीय असेंब्लीच्या ३०० जागांपैकी जमातला अवघ्या चार मिळाल्या. मतदारांनी नाकारलेला हा कार्यक्रम १९७७ साली सत्ता बळकावणाऱ्या जनरल झियांनी उचलला आणि १९७९ च्या फेब्रुवारीत हुदूद कायदे जारी झाले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला अमेरिकेतील बफेलो येथे मौदुदींचे निधन झाले.

राज्यकर्ता लोकांनी निवडावा, हे मौदुदींना मान्य होते; मात्र ईश्वरी कायदा बदलण्याचा अधिकार ते लोकांना देत नव्हते. त्यांच्या विचारातील मूलभूत उणीव येथेच आहे. ईश्वर स्वतः कायद्याचा अर्थ लावावयास येत नाही. तो कोणा मनुष्यालाच लावावा लागतो. तो मनुष्य लोकांना उत्तरदायी नसेल, तर ईश्वराच्या नावाने अखेर सेनापतीच राज्य करतो. धर्मग्रंथाला संविधानाहून वरचे स्थान देऊ पाहणाऱ्या कोणत्याही धर्माच्या अनुयायांनी हा धडा विसरता कामा नये.