जनरल थिमय्या आणि हिरवी रेघ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जामसांवलीजवळ पांढुर्ण्याला गोटमार होते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधे पळसाचं झाड आणि दगडांचा पाऊस. शेवटी मात्र दोन्हीकडचे मिळून चंडीमातेची पूजा करतात. सायप्रस बेटावर ती वेळ आलीच नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये तिथल्या ग्रीक आणि तुर्क लोकांत दंगे पेटले. एका इंग्रज अधिकाऱ्याने निकोसिया शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. ती रेघ राखायला जुलै १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख झाले जनरल कोडेंदेरा सुबय्या थिमय्या.

१९०६ साली मडिकेरीत जन्मलेले थिमय्या १९५७ ते १९६१ आपले लष्करप्रमुख होते. त्याआधी कोरियात युद्धकैद्यांचा गुंता सोडवायला गेले, तेव्हा सोबतची भारतीय तुकडी आपल्या कोल्हापूरकडच्या थोरातांच्या हाताखाली होती.

सायप्रसमध्ये सैनिकांना फक्त स्वतःच्या बचावासाठीच गोळी झाडता यायची. मग करायचं काय? रेघेजवळच्या शेतातला गहू कापून होईस्तोवर पहारा द्यायचा. अडकलेलं टपाल सुरू करायचं. निकोसिया ते कायरेनिया रस्त्यावर तुर्कांचा ताबा. तिथून ग्रीक प्रवाशांच्या गाड्या रांगेने, सोबत जाऊन पार करून द्यायच्या. मला तर हे लढाईपेक्षा अवघड वाटतं.

१८ डिसेंबर १९६५ ला निकोसियातच हृदयविकाराने ते गेले. वय ५९. पुढच्याच वर्षी सायप्रसने त्यांचं टपाल तिकीट काढलं. १९७४ मध्ये बेट पुरतं दुभंगलं. सामान्य माणसांना रेघ ओलांडता येऊ लागली ती २००३ मध्ये.