विश्लेषण : ‘स्क्रॅबल’मध्ये ‘ई’ १२ आणि ‘एस’ फक्त ४… हे गणित कोणी मांडले?

हातात सात इंग्रजी अक्षरे आली आहेत : ए, ई, आय, एन, आर, एस आणि टी. सातही वापरून ‘रिटेन्स’ होतो, ‘रेटिनाज’ होतो, ‘नॅस्टिअर’ होतो. आता यातला ‘ई’ काढून ‘क्यू’ ठेवला, तर बहुतेकांचे हात थांबतील. उत्तर आहे ‘किंतार्स’. किंतार हे अल्बानियातल्या नाण्याचे नाव असून त्याचे हे अनेकवचन मुरलेल्या स्क्रॅबलपटूंना पाठ असते. एका अक्षराने एवढा फरक पडतो. त्यामुळे कोणते अक्षर किती वेळा हाती यावे, हा या खेळाचा कणा आहे आणि तो अल्फ्रेड मोशर बट्स या बेकार झालेल्या वास्तुविशारदाने वृत्तपत्रातील अक्षरे मोजून ठरवला.

कोण होते अल्फ्रेड बट्स?

बट्स यांचा जन्म १३ एप्रिल १८९९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे झाला. वडील वकील, आई शिक्षिका. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९२४ मध्ये त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली. ते चित्रेही काढत आणि त्यांची काही चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने घेतली आहेत. पत्नी नीना या एकेकाळी त्यांच्याच शाळेतील शिक्षिका होत्या.

१९३१ मध्ये महामंदीत त्यांची नोकरी गेली. नवी बांधकामे थांबली होती आणि नकाशे काढणाऱ्यांना कोणी विचारत नव्हते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जॅक्सन हाइट्स येथे राहणाऱ्या बट्स यांनी या रिकाम्या काळात बाजारातील खेळांचा अभ्यास सुरू केला. त्यांनी खेळांचे तीन गट पाडले : बुद्धिबळासारखे चालींचे, फाशांसारखे आकड्यांचे आणि अक्षरांचे. तिसऱ्या गटात खऱ्या अर्थाने गाजलेला खेळ नव्हता. शब्दकोड्याचे कौशल्य आणि नशिबाचा भाग एकत्र आणला तर तो होऊ शकेल, असे त्यांना वाटले.

अक्षरे मोजायची कल्पना कुठून आली?

एडगर ॲलन पो यांच्या ‘द गोल्ड-बग’ (१८४३) या कथेतून. त्यात गुप्त लिपीतला मजकूर उलगडताना नायक आधी सर्वाधिक वेळा आलेले चिन्ह शोधतो आणि ते ‘ई’ असणार असे धरतो, कारण इंग्रजीत ‘ई’ सगळ्यात जास्त येतो. (पो यांनी दिलेली अक्षरांची क्रमवारी मात्र पुढे बरीच चुकलेली आहे. इंग्रजी मजकुरात दुसरा क्रमांक ‘टी’चा लागतो आणि कथेत तो बराच मागे आहे.) बट्स यांनी कोणाच्याही क्रमवारीवर विसंबून न राहता ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावरील अक्षरे एकेक करून मोजली. संगणक नव्हताच. हे काम हाताने झाले.

पण मोजणी जशीच्या तशी खेळात उतरली नाही, आणि बट्स यांची खरी करामत इथे दिसते. वृत्तपत्रात ‘द’ हा शब्द ओळीओळीला येतो, त्यामुळे ‘टी’ आणि ‘एच’ यांची संख्या फुगते. खेळणारा मात्र पटावर सारखा ‘द’ लावत बसत नाही. म्हणून मजकुरात वारंवार दिसणाऱ्या ‘एच’च्या टाइल फक्त २ आहेत. ‘एस’ही मजकुरात भरपूर येतो, पण त्याच्या ४ टाइल ठेवल्या, कारण शेवटी ‘एस’ जोडून अनेकवचन करणे फार सोपे झाले असते. ‘ई’ १२, ‘ए’ आणि ‘आय’ प्रत्येकी ९, ‘ओ’ ८, ‘यू’ ४. म्हणजे १०० पैकी ४२ टाइल स्वरांच्या. ‘क्यू’, ‘झेड’, ‘जे’, ‘एक्स’ आणि ‘के’ यांची प्रत्येकी एकच टाइल. दोन टाइल कोऱ्या. जे अक्षर दुर्मीळ, त्याला गुण जास्त : ‘ई’ला १, ‘क्यू’ आणि ‘झेड’ला १०.

खेळ लगेच का चालला नाही?

पहिल्या रूपाचे नाव ‘लेक्सिको’ होते आणि त्याला पटच नव्हता. १९३८ मध्ये बट्स यांनी १५ बाय १५ घरांचा पट आणि शब्दकोड्याप्रमाणे आडवे-उभे शब्द जोडण्याची पद्धत आणली व खेळाला ‘क्रिस-क्रॉसवर्ड्स’ म्हटले. पट आणि टाइल ते घरीच तयार करत. मोठ्या खेळ कंपन्यांकडे त्यांनी तो पाठवला. पार्कर ब्रदर्स, मिल्टन ब्रॅडली, सेल्चो अँड रायटर… सगळीकडून नकार. दरम्यान ते पुन्हा वास्तुविशारद म्हणून काम करू लागले. खेळ जॅक्सन हाइट्समधील एका मेथडिस्ट चर्चमध्ये आणि ओळखीच्या घरांत खेळला जात राहिला. गंमत म्हणजे बट्स यांचे स्पेलिंग कच्चे होते आणि नीना त्यांच्यापेक्षा सरस खेळत.

मग ‘स्क्रॅबल’ कसे झाले?

क्रिस-क्रॉसवर्ड्सचा संच बाळगणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक होते जेम्स ब्रूनो. १९४८ मध्ये त्यांनी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचामागे स्वामित्वधन देण्याच्या बोलीवर उत्पादनाचे हक्क घेतले. नियम सोपे केले, जादा गुणांची घरे हलवली आणि ‘स्क्रॅबल’ हे नाव नोंदवले. अक्षरांच्या मोजणीला मात्र त्यांनी हात लावला नाही.

कनेक्टिकटमधील डॉजिंगटाउन येथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत ब्रूनो दाम्पत्य मित्रांच्या मदतीने लाकडी टाइलवर अक्षरे छापत असे. १९४९ मध्ये २,४०० संच तयार झाले आणि ४५० डॉलरचा तोटा झाला. मग १९५२ मध्ये अचानक मागणी वाढली. न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानाच्या अध्यक्षांनी सुट्टीवर असताना हा खेळ खेळला आणि आपल्या दुकानात तो नाही म्हणून ते चकित झाले, असा किस्सा सांगितला जातो. ब्रूनो यांना मागणी पुरवता येईना. अखेर उत्पादनाचा परवाना मिळाला सेल्चो अँड रायटरला, म्हणजे आधी नकार देणाऱ्यांपैकीच एका कंपनीला. १९५४ मध्ये सुमारे ४० लाख संच विकले गेले.

बट्स यांच्या वाट्याला संचामागे साधारण तीन सेंट येत. त्यातला एक तृतीयांश कराला गेला, एक तृतीयांश त्यांनी वाटून टाकला आणि उरलेल्यावर सुखाने जगले, असा हिशेब ते सांगत. स्टॅनफर्डव्हिल येथील कुटुंबाचे जुने घर त्यांनी परत विकत घेतले. नीना १९७९ मध्ये गेल्या. ८० वर्षे ओलांडल्यावर बट्स यांनी आणखी एक खेळ काढला. त्याचे नावच ‘आल्फ्रेड्स अदर गेम’ होते, पण तो फारसा चालला नाही. ४ एप्रिल १९९३ रोजी, ९४ वा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले.

आज हे गणित टिकले आहे का?

इंग्रजी स्क्रॅबलमध्ये संख्या आणि गुण तेच आहेत. त्यावर वादही आहे. ‘क्यूआय’ आणि ‘झेडए’ हे दोन अक्षरी शब्द २००६ मध्ये उत्तर अमेरिकेच्या अधिकृत यादीत आले आणि ‘क्यू’, ‘झेड’ची अडचण कमी झाली. गुण मात्र १०च राहिले. दुसऱ्या भाषांना स्वतःची मोजणी करावी लागली. फ्रेंच संचात ‘ई’ १५ आहेत, तर पोलिश संचात ‘झेड’ला फक्त १ गुण मिळतो. मराठीत असा संच करायचा तर त्याआधीच प्रश्न उभा राहतो : टाइल कशाची, ‘क’ची, ‘की’ची की ‘क्ष’ची?

भारताचाही या कथेत एक तुकडा आहे. कोलकात्यातील रजत आणि जयंत अगरवाला या भावांचे ‘स्क्रॅब्युलस’ फेसबुकवर तुफान चालले. हासब्रो कंपनीने दावा ठोकल्यावर जुलै २००८ मध्ये ते अमेरिका आणि कॅनडात बंद झाले. आणि मोबाइलवर रोज ‘वर्डल’ खेळणारे पहिला शब्द निवडताना ‘ई’, ‘ए’, ‘आर’, ‘टी’ शोधतात, तेव्हा तेही बट्स यांचीच वही उघडत असतात. ‘वर्डल’चा मालक २०२२ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आहे, म्हणजे ज्याच्या पानावरची अक्षरे त्यांनी मोजली तेच वृत्तपत्र.

जॅक्सन हाइट्समध्ये त्या चर्चच्या कोपऱ्यावर रस्त्याची एक पाटी आहे. ‘३५टीएच ॲव्हेन्यू’ या नावातील प्रत्येक अक्षराखाली त्याचे स्क्रॅबलमधले गुण लिहिलेले आहेत. २००८ मध्ये ही पाटी नाहीशी झाली आणि २०११ मध्ये तिथे नवी बसवण्यात आली. त्यातल्या अक्षरांची बेरीज होते १४.