काचेचे कारागीर जोसेफ फ्राउनहोफर

थोर शास्त्रज्ञ जोसेफ फ्राउनहोफर यांचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी बव्हेरियातील श्ट्राउबिंग या गावी झाला. बव्हेरिया आज जर्मनी देशात आहे. त्यांचे वडील काचकाम करीत. जोसेफ हे त्यांचे अकरावे मूल. घरची परिस्थिती गरिबीची होती. लहानपणीच आई वारली. जोसेफ अकरा वर्षांचा असताना वडीलही वारले. म्हणजे तो माझ्याहून फक्त एका वर्षाने मोठा होता.

मग त्याला म्युनिक शहरात एका आरसे करणाऱ्या कारागिराकडे कामाला ठेवले. सहा वर्षे बिनपगारी काम करायचे ठरले. जोसेफला शिकायची फार हौस होती. कामकरी मुलांसाठी तिथे रविवारची शाळा भरायची. पण मालक त्याला शाळेत जाऊ देईना आणि पुस्तकंही वाचू देईना.

२१ जुलै १८०१ रोजी मालकाचं घर धाडकन कोसळलं. मालकाची बायको ढिगाऱ्याखाली मेली. जोसेफही गाडला गेला होता. लोकांनी माती-दगड उपसून काही तासांनी त्याला जिवंत बाहेर काढलं. बव्हेरियाचे राज्यकर्ते माक्सिमिलियान जोसेफ तिथे स्वतः आले होते. त्यांनी या पोरक्या मुलाला १८ सोन्याची नाणी दिली. उट्झश्नायडर नावाच्या गृहस्थांनी त्याला गणिताची आणि प्रकाशाची पुस्तकं दिली. मी असतो तर नाण्यांचे कपडे आणि खाऊ घेतला असता. जोसेफने काच घासायचे यंत्र घेतले, आणि पैसे भरून मालकाकडून आपली सुटका करून घेतली.

१८०६ साली उट्झश्नायडर यांनी त्यांना आपल्या कारखान्यात घेतले. तिथे दुर्बिणी आणि जमीन मोजायची यंत्रे तयार होत.

दुर्बिणीचे भिंग वाकवून करीत नाहीत. जाड काच घेऊन ती घासत घासत फुगीर करतात. काच फुगीर असली की तिच्यातून जाणारा प्रकाश वाकतो आणि एका जागी गोळा होतो. गुरुजींनी आम्हाला पाण्याच्या पेल्यात तिरपी पेन्सिल ठेवून दाखवली. ती मोडल्यासारखी दिसते. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो म्हणून असे होते. काचेतही तसेच होते.

पण यात एक अडचण आहे. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात आणि ते सारखे वाकत नाहीत. तांबडा कमी वाकतो, जांभळा जास्त वाकतो. म्हणून साध्या भिंगातून बघितलं की वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसते. दोन वेगळ्या जातींच्या काचांची भिंगे जोडली तर ही झालर पुष्कळ कमी होते. पण त्यासाठी कोणती काच कोणता रंग किती वाकवते हे अचूक मोजावे लागते. शिवाय काचही चांगली हवी. तिच्यात शिरा राहिल्या तर प्रकाश भलतीकडेच जातो. वितळलेली काच नीट ढवळून शिरा कशा घालवायच्या, हे ते गिनाँ नावाच्या स्विस कारागिराकडून शिकले.

आता रंग मोजायचे कसे? इंद्रधनुष्यात तांबडा कुठे संपतो आणि नारिंगी कुठे सुरू होतो, ते कुणालाच सांगता येत नाही. फ्राउनहोफर यांनी खोलीत अंधार करून बारीक फटीतून सूर्यप्रकाश आत घेतला. तो काचेच्या लोलकातून नेला आणि रंगांचा पट्टा दुर्बिणीतून पाहिला. पट्ट्यात बारीक काळ्या उभ्या रेषा दिसल्या. एक नाही, दोन नाही, पाचशेहून जास्त! त्यांनी त्या मोजल्या, त्यांचा नकाशा काढला आणि ठळक रेषांना अक्षरे दिली. रेषा आपली जागा सोडत नव्हत्या. त्यामुळे फूटपट्टीवरच्या खुणांसारखा त्यांचा उपयोग झाला. हे १८१४ सालच्या सुमाराचे काम आहे.

मग त्यांच्या दुर्बिणी सगळीकडे नावाजल्या. १८२४ साली त्यांनी दोरपात येथील वेधशाळेला मोठी दुर्बीण करून दिली. तिचे भिंग २४ सेंटिमीटर रुंद होते. ते गाव आता एस्टोनिया देशात असून त्याचे नाव तार्तू आहे.

पण त्यांची तब्येत चांगली नव्हती. ७ जून १८२६ रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ३९ वर्षे.

काळ्या रेषा कशामुळे पडतात, हे मात्र त्यांना कळले नव्हते. १८५९ साली किरखॉफ आणि बुन्सेन यांच्या कामातून ते उलगडले. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. चुलीच्या जाळात मीठ पडलं की जाळ पिवळा होतो ना? तो पिवळा रंग मिठातल्या सोडियममुळे येतो. सूर्याच्या पट्ट्यात बरोबर त्याच जागी काळी रेषा आहे. म्हणजे सूर्यातही सोडियम आहे! सूर्यावर कुणी गेले नाही, तरी तिथे काय आहे ते कळले.

मालकाने ज्या मुलाला पुस्तक वाचू दिले नाही, त्याने सूर्याचा प्रकाश वाचून दाखवला. आम्हाला तर शाळा आहे, पुस्तकं आहेत, गुरुजी आहेत. आपल्या गावातली जी मुलं अजून गुरांमागे जातात, त्यांनाही आपण शाळेत बोलावून आणले पाहिजे.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझा नमस्कार.

— इयत्ता चौथी