टेंभूचा मुलगा आणि व्हिक्टोरियन नायक : गोपाळ गणेश आगरकरांच्या नैतिक घडणीचा विचार

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीने व्यक्तीच्या घडणीचा एक आराखडा रूढ केला. दारिद्र्यात जन्मलेला मुलगा, शिक्षणाने किंवा आश्रयदात्याच्या कृपेने होणारे त्याचे वर्गांतर, त्यापाठोपाठ स्वतःच्या मूळ स्थितीविषयी वाटू लागणारी लाज आणि अखेरीस पश्चात्तापातून येणारी नैतिक प्रौढता, असे त्याचे टप्पे होत. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१) या कादंबरीचा नायक पिप हे त्याचे ठळक उदाहरण. लोहाराच्या घरी वाढलेला पिप अकल्पित द्रव्यलाभाने सभ्य गृहस्थ बनतो, ज्याने त्याला वाढवले त्या जो गार्जरीची त्याला लाज वाटू लागते आणि ते द्रव्य एका गुन्हेगाराचे होते हे कळल्यावरच त्याच्या खऱ्या विकासाला आरंभ होतो. ही कादंबरी लंडनमध्ये क्रमशः प्रसिद्ध होत होती, त्या सुमारास कृष्णाकाठच्या टेंभू गावी गोपाळ गणेश आगरकर हे चार-पाच वर्षांचे मूल होते. आगरकरांच्या चरित्रात या आराखड्यातील बरेच टप्पे दिसतात. मात्र त्यांचा अर्थ पालटतो. तो का पालटला, याचा शोध घेतल्यास वर्ग, जात आणि नैतिक विकास यांच्या मराठी प्रदेशातील परस्परसंबंधांवर प्रकाश पडतो.

१

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ टेंभू येथे झाला. त्या वेळचा हा जिल्हा बराच विस्तृत होता. त्याचा दक्षिण भाग १९४९ मध्ये वेगळा होऊन पुढे १९६० मध्ये सांगली जिल्हा या नावाने ओळखला जाऊ लागला. घरची अत्यंत गरिबी असल्याने आगरकरांचे प्राथमिक शिक्षण कऱ्हाडला आजोळच्या आधाराने झाले. पुढे शिकण्याची सोय नव्हती. म्हणून कऱ्हाडच्या कचेरीत त्यांनी उमेदवारी केली. कारकुनीची ती वाट धरली असती तर एक निर्धन ब्राह्मण कुटुंब सावरले असते आणि चरित्र तेथेच संपले असते.

इंग्रजी शिक्षणाच्या ओढीने ते पायी रत्नागिरीस गेले. तेथे मधुकरी मागून व परक्या घरी पडेल ते काम करून त्यांनी शिकण्याचा प्रयत्न केला. पण तो टिकला नाही. कऱ्हाडला परतून ते दवाखान्यात कंपाउंडरचे काम करू लागले. अखेर आप्तांच्या आधाराने ते वऱ्हाडात अकोल्यास पोहोचले. तेथील शाळेचे मुख्याध्यापक विष्णु मोरेश्वर महाजनी यांचे साहाय्य त्यांना लाभले. महाजनी हे शेक्सपिअरच्या नाटकांचे मराठी रूपांतरकार होते. १८७५ मध्ये आगरकर मॅट्रिक झाले.

या टप्प्यावर एक भेद लक्षात घेतला पाहिजे. आगरकरांचे दारिद्र्य द्रव्याचे होते, जातीचे नव्हते. रत्नागिरीत ज्या दारांशी ते मधुकरीस उभे राहिले, ती दारे ब्राह्मण विद्यार्थ्याला उघडी होती. त्याच वयाच्या महार किंवा मांग मुलाला ती उघडली नसती. इंग्रजी कादंबरीतील वर्गाची चौकट या समाजाला तशीच लावता येत नाही, त्याचे कारण हेच. पिपच्या द्रव्याचे मूळ दडलेले होते आणि ते उघड झाल्यावर तो हादरला. आगरकरांना मिळालेल्या आधाराचे मूळ सर्वांच्या डोळ्यांसमोर होते; रूढीने ते पवित्र ठरवल्यामुळे कोणाला दिसत नव्हते, इतकेच.

२

१८७६ मध्ये आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. शिष्यवृत्ती आणि ‘वऱ्हाड समाचार’ पत्रातील लेखन यांवर त्यांचा निर्वाह चाले. एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालण्याची त्यांची कथा सर्वपरिचित आहे. याच काळात मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांचे संस्कार त्यांच्या मनावर झाले. १८७९ च्या सुमारास बाळ गंगाधर टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला. सरकारी नोकरी न करता शिक्षणकार्यास वाहून घ्यावे, असा निश्चय दोघांच्या चर्चांतून झाला.

वर्गांतराची संधी अशा प्रकारे अगदी हाताशी आली असताना आगरकरांनी ती नाकारली. एम. ए. झालेल्या तरुणाला त्या काळी मोठ्या पगाराची जागा सहज मिळत असे. मुलाच्या पदवीवर आईने सुखाच्या आशा बांधल्या असणे स्वाभाविक होते. आगरकरांनी तिला पत्र लिहून आपला संकल्प आधीच स्पष्ट केला : पोटापुरते मिळवून उरलेला सर्व वेळ ते लोकहितास देणार होते. या पत्राचे महत्त्व त्यागाच्या गौरवापुरते मर्यादित नाही. पिप आपल्या माणसांना टाळतो आणि पुढे क्षमा मागतो. आगरकर निर्णयाच्या क्षणीच आईला सामोरे जातात. मात्र या निर्णयाची किंमत घरातील माणसांनाही द्यावी लागली. त्यांची संमती कितपत घेतली गेली, हा प्रश्न चरित्रकारांनी फारसा विचारलेला नाही.

३

न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना १८८० मध्ये झाली. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावरील आरोपांच्या प्रकरणात, आधारभूत मानलेली पत्रे बनावट ठरल्यामुळे, १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना कारावास घडला. खटल्याच्या वेळी जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने रामशेठ उरवणे यांनी त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. ज्या वर्गाच्या वर्चस्वावर सत्यशोधक टीका करीत होते, त्याच वर्गातील दोन तरुणांच्या मदतीला सत्यशोधक आले, ही घटना मराठी समाजेतिहासात अर्थपूर्ण आहे. डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांचा वृत्तान्त आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहिला.

‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले ‘विकारविलसित’ हे रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. साताऱ्याचे नाव धारण करणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशी यांची चंद्रसेनाची भूमिका विख्यात झाली. तरुण हरि नारायण आपटे यांनी या रूपांतराचे विस्तृत परीक्षण लिहिले. न्यू इंग्लिश स्कूलच्या वातावरणात वाढलेल्या याच आपट्यांनी पुढे ‘मी’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक भावानंद संपत्ती व प्रतिष्ठा यांच्याकडे न वळता लोकसेवेत विलीन होतो. मराठीतील घडणीच्या कादंबरीला इंग्रजी नमुन्याहून वेगळी अखेर मिळाली, तिच्यामागे आगरकरांच्या पिढीने जगून दाखवलेला आदर्श उभा आहे, असे म्हणता येते.

४

स्वार्थत्याग हा आगरकरांच्या विकासाचा पहिला टप्पा. मित्रत्यागाचा दुसरा टप्पा अधिक कठीण होता. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद वाढून १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद आणि ग्रंथप्रामाण्य यांवर त्यांनी बुद्धिवादी दृष्टीने लिहिले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास त्यांनी पाठिंबा दिला. सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. ज्या समाजाने मधुकरी घालून त्यांना शिकवले, त्याच समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला. सामान्य अर्थाने ही कृतघ्नता ठरेल. परंतु उपकाराची फेड रूढीच्या समर्थनाने करावयाची नसते, हे त्यांच्या कृतीने दाखवले.

घरात मात्र त्यांनी मतांची सक्ती केली नाही. पत्नी यशोदाबाई आपली व्रतवैकल्ये पाळीत राहिल्या. व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व स्वतःच्या मतांविरुद्धही लागू करण्याची ही तयारी त्यांच्या प्रौढतेची खूण होय.

१८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दीर्घकाळच्या दम्याने १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापूर्वीच, त्यांचे निधन झाले. अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून थोडी रक्कम त्यांनी बाजूला ठेवली होती, असे सांगतात.

त्यांच्या घडणीचे पडसाद कृष्णेच्या खोऱ्यात उमटत राहिले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’त जरठ-बाला विवाहाचा प्रश्न रंगभूमीवर मांडला, सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी आगरकरांवर ग्रंथ लिहिला. याहून महत्त्वाची घटना आगरकरांच्याच तालुक्यात घडली. टेंभूप्रमाणेच कऱ्हाड तालुक्यात असलेल्या काले येथे भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहण्या-जेवण्याची व शिकण्याची सोय वसतिगृहाद्वारे करून दिली. आगरकरांना जे अन्न जातीच्या पुण्याईने दारोदार मिळाले, ते येथे जन्माची अट न घालता मिळू लागले. आगरकरांच्या विचारांची तर्कसंगत परिणती त्यांच्या आयुष्यात पूर्ण झाली नव्हती. ती त्यांच्याच मुलखात, दुसऱ्या सामाजिक थरातून आलेल्या माणसाने पुढे नेली. व्हिक्टोरियन नायकाची घडण त्याच्या स्वतःच्या समेटापाशी थांबते. आगरकरांच्या घडणीचे मूल्यमापन करताना मात्र त्यांच्यानंतर शिकू शकलेल्या मुलांचाही हिशेब धरावा लागतो.