डॉन बॉस्को आणि त्यांची आई

डॉन बॉस्को म्हटलं की आपल्याला माटुंग्याची शाळा आठवते. पण हे नाव ज्यांचं, ते स्वतः लहानपणी शाळेसाठी किती तरसले होते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आणि हो, 'डॉन' ही इटलीत धर्मगुरूंच्या नावाआधी लावायची उपाधी. सिनेमातल्या डॉनशी यांचा काही संबंध नाही बरं का!

१६ ऑगस्ट १८१५ रोजी इटलीच्या पिडमाँट भागातल्या बेक्की नावाच्या वाडीत जॉनचा जन्म झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता, तेव्हा न्यूमोनियाने वडील गेले. आई मार्गारेटा अवघी २९ वर्षांची. पदरात दोन लहान मुलं, एक सावत्र मुलगा आणि म्हातारी सासू. त्यात दुष्काळ! चांगलं स्थळ सांगून आलं होतं, पण मुलं दुसऱ्याच्या हवाली करावी लागणार म्हणताच तिने नकार दिला. अक्षरओळख नसलेल्या या बाईने शेती कसून घर उभं ठेवलं.

नवव्या वर्षी जॉनला एक स्वप्न पडलं. शिवीगाळ, मारामाऱ्या करणारी मुलं, आणि त्यांना ठोशांनी नव्हे तर मायेने जिंक, असं सांगणारा तेजस्वी पुरुष. आजीने स्वप्न म्हणून सोडून द्यायला सांगितलं. मार्गारेटाला मात्र वाटलं, हा पुढे धर्मगुरू होणार.

सावत्र भाऊ अंतोनिओला पुस्तकं म्हणजे थेरं वाटत. भांडणं इतकी वाढली की १८२८ मध्ये आईनेच बारा वर्षांच्या जॉनला दुसऱ्यांच्या शेतावर कामाला पाठवलं. काय झालं असेल त्या माऊलीच्या मनाचं? पुढे शिंपीकाम कर, कॉफीच्या दुकानात राब, असं करत तो शिकला. दोरीवरून चालायचा, हातचलाखी दाखवायचा. पोरं जमली की खेळाआधी प्रार्थना ठरलेली!

५ जून १८४१ रोजी तो धर्मगुरू झाला. तुरीन शहरात तेव्हा खेड्यांतून आलेली पोरं गवंडीकाम करत, उघड्यावर झोपत. तुरुंगात त्याला कोवळी मुलं दिसली. सुटून आल्यावर विचारणारं कुणी नाही, म्हणून तीच पुन्हा आत येत. मग रविवारी अशा मुलांना जमवणं, खेळ, लिहिणं-वाचणं सुरू झालं. मुलाला कामावर लावताना तो मालकाकडून लेखी करार करून घेई: मारहाण करायची नाही, सुटी द्यायची. त्या काळी हे केवढं मोठं!

१८४६ मध्ये अतिश्रमाने तो मरता मरता वाचला. बरा होऊन परतताना आईला सोबत घेऊन आला. अठ्ठावन्नाव्या वर्षी घर-नातवंडं सोडून ती पायी तुरीनला आली आणि परक्या पोरांचे कपडे शिवू लागली. आपला लग्नातला पोशाख तिने वेदीच्या वस्त्रांसाठी दिला. एकदा पोरांनी भाजीचे वाफे तुडवले, तेव्हा तीही वैतागली. गावी परत जाते म्हणाली. जॉनने नुसतं भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवलं. ती पुन्हा कामाला लागली. (मुलांना किती सोपं असतं नाही, आईला थांबवून घेणं!) २५ नोव्हेंबर १८५६ रोजी तिथेच ती गेली.

१८५९ मध्ये जॉनने सलेशियन संघ स्थापन केला. १८७२ मध्ये मारिया माझ्झारेल्लोंच्या साथीने मुलींसाठी काम करणाऱ्या भगिनींचा संघही उभा राहिला. ३१ जानेवारी १८८८ रोजी त्याचं निधन झालं आणि १९३४ मध्ये त्याला संतपद मिळालं. मार्गारेटाला चर्चने 'पूजनीय' म्हटलं ते २००६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी.