महात्मा जोतीराव फुले : गुलामगिरीविरुद्धचा अखंड लढा

आमच्या निवासी शाळेत तथागतांच्या मूर्तीजवळ बाबासाहेबांची प्रतिमा आहे आणि तिच्या शेजारी महात्मा जोतीराव फुले यांची. बाबासाहेबांनी बुद्ध व कबीर यांच्यासह ज्यांना गुरू मानले, ते हे जोतीराव. त्यांचे चरित्र आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ सातासमुद्रापलीकडच्या अमेरिकन जनतेस का अर्पण केला, याचा विचार क्वचितच होतो. तो येथे करावा, असे आम्हांस वाटते.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यातील माळी कुटुंबात झाला. आई चिमणाबाई त्यांच्या बालपणीच निवर्तल्या. मिशनऱ्यांच्या शाळेत त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले व थॉमस पेन यांच्या ग्रंथवाचनाने मानवी हक्कांची जाणीव प्रखर झाली. १८४८ साली ब्राह्मण मित्राच्या वरातीत जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केले. या कार्यापायी दोघांना घर सोडावे लागले, तरी त्यांनी पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या.

हे कार्य चालू असतानाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथे सुमारे चाळीस लाख कृष्णवर्णीय गुलाम होते. दक्षिणेची कापसाची शेती त्यांच्या घामावर उभी होती. माणसांची खरेदी-विक्री होई आणि अनेक राज्यांत गुलामास लिहावाचावयास शिकविणे हा गुन्हा होता. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यावयाची की नाही, यावरून वाद विकोपास गेला. अब्राहम लिंकन निवडून येताच दक्षिणेची राज्ये फुटू लागली. एप्रिल १८६१ मध्ये सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिएटम येथे एकाच दिवसात वीस हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी बंडखोर प्रांतांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली आणि जुलैमध्ये गेटिसबर्ग व व्हिक्सबर्ग येथील विजयांनी युद्धाचे पारडे फिरले. सुमारे एक लक्ष ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक स्वतःच्या मुक्तीसाठी लढले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. त्याच वर्षी घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली.

या युद्धाची झळ आपल्या मुलखापर्यंत पोहोचली. अमेरिकेचा कापूस अडल्याने येथील कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपताच ते कोसळले आणि दख्खनचा शेतकरी सावकाराच्या कर्जात अधिकच रुतला. त्याच शेतकऱ्याची कैफियत जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली.

१८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी अमेरिकन लोकांनी दाखविलेल्या औदार्याचा गौरव करून, आपल्या देशबांधवांनी शूद्रादी बांधवांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी अपेक्षा त्यांनी अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. येथे बेड्या दिसत नव्हत्या. पण विद्येची दारे बंद ठेवून माणसाचे मनच बांधले होते. अशी बेडी तोफांनी तुटत नाही, म्हणून जोतीरावांनी शाळा हीच रणभूमी मानली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला. तत्पूर्वी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली. १८८८ साली मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

अमेरिकेत युद्ध जिंकल्यावरही मुक्त झालेल्यांना समतेसाठी पुढे शंभर वर्षे झगडावे लागले. कायदा बेडी तोडतो; ताठ मानेने उभे राहण्याचे बळ विद्या देते. दुधनीसारख्या सीमेवरील गावात, घरी कन्नड बोलून शाळेत मराठीची बाराखडी गिरविणारे मूल जेव्हा आपले नाव स्वतः लिहिते, तेव्हा जोतीरावांच्या लढ्यातील एक ठाणे जिंकले जाते. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी एकही मूल या दारातून परत जाऊ देऊ नये, हीच आमची त्यांना आदरांजली.