महमूद गावान

वाई, माण, कऱ्हाड, मिरज ही आपल्या सातारा-सांगलीकडील ठिकाणे शिवकालाच्या आधीही इतिहासात होती, हे आपण सहसा विसरतो. पंधराव्या शतकात येथे बीदरच्या बहामनी सुलतानाचा अंमल होता. पण तो सपाटीवर. डोंगरातले शिर्के आणि खेळण्याचे, म्हणजे आजच्या विशाळगडाचे, शंकरराव त्याला जुमानीत नसत. मलिक-उत्-तुज्जार हा किताब मिळवलेला खलफ हसन त्यांच्यावर चालून गेला. शिर्क्यांनी वाटाड्या होण्याचे कबूल करून त्याची फौज किर्र रानात नेली व तेथेच ती कापली गेली.

तोच किताब पुढे महमूद गावानला मिळाला. हा इराणातील गिलानचा. १४५३ च्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर, व्यापारी म्हणून दाभोळला उतरला आणि वजीरपदापर्यंत चढला. खेळण्याच्या स्वारीत वाई व माणची फौजही त्याच्या दिमतीला होती. घोडदळ या मुलखात कुचकामी, हे ओळखून त्याने ते परत धाडले. झाडी तोडली, जाळली. पावसाळा कोल्हापुरास गवती झोपड्यांत काढला. अखेर तलवारीपेक्षा पैसाच अधिक कामी येऊन गड मिळाला. १४७२ मध्ये त्याने गोवाही घेतला.

पण आजचा बंडखोर डोंगरात असला, तरी उद्याचा आपल्याच सुभेदारांतून निघेल, हे त्याने जाणले. चार तरफांच्या त्याने आठ केल्या. वाई व माण जुन्नरकडे गेले. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्यांवर सुलतानाची माणसे नेमली. जमिनीची मोजणी करविली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून इतिहासात रयत कोठे दिसते हे मी शोधतो; ती दिसते या मोजणीत. अर्थात मोजणी सारा नेमका घेण्यासाठीही असते!

सरदार दुखावले. मलिक हसन व त्याच्या साथीदारांनी गावानच्या चिटणिसाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का मिळविला आणि ओरिसाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारे खोटे पत्र त्यावर लिहिले. सुलतानाने चौकशीही केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीच्या वजिराचा शिरच्छेद झाला. झडतीत घबाड निघाले नाही. हा माणूस चटईवर निजे आणि मातीच्या भांड्यांत शिजवून खाई. बीदरचा त्याचा मदरसा मात्र आजही, अर्धा ढासळलेला, उभा आहे.

दहा वर्षांच्या आत बहादूर गिलानी या सरदाराने गोवा, कऱ्हाड, मिरज बळकावली. १४९४ मध्ये त्याचा बंदोबस्त करायला सुलतानाला स्वतः मिरजेपर्यंत यावे लागले.